डेंग्यूवरची डीएनए लस: सहा महिन्यांत कुठवर जाता येईल आणि काम कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात एमएस्सी बायोटेक करणाऱ्या एका विद्यार्थिनीला सहा महिन्यांच्या प्रकल्पात डेंग्यूवर डीएनए लस करून पाहायची आहे. कॉलेजात पीसीआर, जेल आणि शेकर आहे. पेशी वाढवायची सोय दुसऱ्या संस्थेत मिळेल. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कोविडवर डीएनए लस निघाली, मग डेंग्यूवर अजून का नाही? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

सहा महिन्यांत लस होत नाही. होतं ते एक प्लास्मिड, म्हणजे हवं ते जनुक बसवलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ. ते पेशीत गेल्यावर डेंग्यूच्या आवरणाचं प्रथिन तयार होतं, त्याची नीट घडी बसते आणि ते पेशीबाहेर पडतं, एवढं पुराव्यानिशी दाखवता येतं. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण बरेच प्रकल्प नेमकी हीच पायरी गाळून थेट उंदरांना टोचतात. तीन महिन्यांनी एलायझात, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीत, काहीच दिसत नाही, आणि दोष प्लास्मिडचा, टोचण्याचा की उंदराचा हे मग कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या उत्तरातला मोठा भाग त्या पायरीवरच आहे.

डेंग्यूवर डीएनए लस का नाही, ते आधी पाहू. नुसतं डीएनए उंदराच्या स्नायूत टोचलं तरी त्यातल्या जनुकाचं प्रथिन तयार होतं, हे १९९० मध्ये अमेरिकेत दिसलं. १९९३ मध्ये फ्लूच्या आतल्या प्रथिनाचं जनुक टोचून उंदरांचं वेगळ्या जातीच्या फ्लूपासून रक्षण झालं. त्यानंतर घोड्यांसाठी वेस्ट नाइलची डीएनए लस २००५ मध्ये मंजूर झाली. माणसांसाठी मात्र २० ऑगस्ट २०२१ उजाडावं लागलं. त्या दिवशी झायडस कॅडिलाच्या झायकोव्ह-डी या कोविडवरच्या डीएनए लशीला आपल्या देशात आपत्कालीन मंजुरी मिळाली. मधल्या काळात अडसर एकच होता: उंदरात जे चालतं ते माणसात फिकं पडतं.

साधा हिशेब करून पाहा. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला आपण सहज ५० मायक्रोग्रॅम प्लास्मिड देतो, म्हणजे किलोमागे २ मिलिग्रॅम. त्याच प्रमाणात साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम लागतील. झायकोव्ह-डीचा डोस होता २ मिलिग्रॅम. शिवाय उंदराच्या मांडीच्या इवल्याशा स्नायूत ५० मायक्रोलिटर द्राव भरला की नुसत्या दाबानेच डीएनए पेशींत ढकललं जातं. माणसाच्या दंडात हा दाब मिळत नाही. म्हणून झायकोव्ह-डी सुईविना, बारीक फवाऱ्याच्या जोराने कातडीत देत, दोन ठिकाणी ०.१ मिलि, आणि असे तीन डोस ०, २८ आणि ५६ व्या दिवशी. सुमारे २८,००० जणांच्या चाचणीतल्या अंतरिम निष्कर्षात लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध परिणामकारकता ६६.६ टक्के आली. दुसरा मार्ग इलेक्ट्रोपोरेशनचा. टोचल्या जागी क्षणभर विजेचे छोटे झटके दिले की पेशीच्या पडद्याला तात्पुरती छिद्रं पडतात आणि आत जाणारं डीएनए दहापट ते हजारपट वाढतं. झायकोव्ह-डीच्या यशात प्लास्मिडइतकाच वाटा त्या फवाऱ्याच्या साधनाचा आहे, हे विसरू नका.

डेंग्यूवरही डीएनए लस माणसांत तपासून झाली आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी डेंग्यू-१ चं प्लास्मिड २२ स्वयंसेवकांना दिलं, १ किंवा ५ मिलिग्रॅम, तीन वेळा. मोठ्या डोसच्या १२ जणांपैकी फक्त ५ जणांत विषाणू निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं दिसली. टी-पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद मात्र त्यापेक्षा बऱ्याच जास्त जणांत होता. डीएनए लशीची जात हीच: टी-पेशी लवकर जाग्या होतात, प्रतिपिंडं मागे राहतात.

डेंग्यूत ही कमी प्रतिपिंडं नुसती निरुपयोगी नसतात, धोक्याची असू शकतात. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची अपुरी प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराच्या कणांना चिकटतात, त्यांना थोपवू शकत नाहीत, उलट प्रतिपिंडाची शेपटी धरून विषाणू पांढऱ्या पेशींत सहज शिरतो. डेंगव्हॅक्सिया ही जिवंत विषाणूची लस फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही अशांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो, असं नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकानेच जाहीर केलं. कोविडच्या लशीने थोडंसंच संरक्षण दिलं तरी ते थोडं तरी मिळतं. डेंग्यूच्या लशीला चारही बाजू एकदम आणि जवळपास सारख्या सांभाळाव्या लागतात. ‘का नाही’ याचं खरं उत्तर हे आहे.

डीएनए लशीकडे तरीही लोक परत परत वळतात त्याला कारण आहे. चार जिवंत, दुबळे केलेले विषाणू एकत्र दिले की जो जोमाने वाढतो तो बाकीच्यांना दाबतो. प्लास्मिड शरीरात वाढतच नाही, त्यामुळे ही कुरघोडी टळते. उष्णतेची सहनशीलताही मोठी: झायकोव्ह-डी २ ते ८ अंशांत ठेवायची, पण २५ अंशांत तीन महिने टिकल्याचं उत्पादकाने दाखवलं होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाडचा उन्हाळा आणि तिथली वीज ज्याला माहीत आहे त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

आता कामाचं. जनुक निवडताना एकटं ई-प्रथिन (आवरणाचं मुख्य प्रथिन) घेऊ नका. प्रीएम (त्याच्या जोडीचं आवरणातलं प्रथिन) आणि ई जोडीने घ्या. ई-प्रथिनाची घडी बसायला प्रीएमचा आधार लागतो, आणि दोन्ही एकत्र असले तरच पेशीतून विषाणूसारखे दिसणारे, पण आत जीनोम नसलेले कण बाहेर पडतात. प्रीएम १६६ आणि ई ४९५ अमिनो आम्लांचं, डेंग्यू-३ मध्ये ४९३ चं. पुढे सिग्नल, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेरच्या वाटेला लावणारा छोटा भाग, जोडला की तुकडा साधारण २.१ किलोबेसचा (२,१०० अक्षरांचा) होतो. डेंग्यू-२ च्या ई-प्रथिनाचं शेपूट, म्हणजे पडद्यात रुतणारा भाग, पेशीच्या आतच अडकून राहतो, म्हणून बाहेर फार थोडं येतं. शेवटचा सुमारे २० टक्के भाग जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा घातला की बाहेर पडणं चांगलं वाढतं, हे २००३ पासून ठाऊक आहे. पहिल्या प्रयत्नासाठी हीच रचना घ्या, आणि एकाच प्रकारावर काम करा. चारही प्रकार सहा महिन्यांत उरकायला गेलात तर एकही धड होणार नाही.

जनुक विषाणूपासून उचलू नका, कंपनीकडून संश्लेषित करून मागवा. मागवताना चार गोष्टी लिहून द्या: मानवी पेशींना सोयीचे कोडॉन (एकेका अमिनो आम्लाची तीन अक्षरी खूण), सुरुवातीच्या एटीजीच्या आधी जीसीसीएसीसी हा प्रथिन बनवायची सुरुवात दाखवणारा कोझाक क्रम, शेवटी दोन थांबे (स्टॉप कोडॉन), आणि ज्या एन्झाइमांनी कापणार, समजा हिंड-थ्री आणि नॉट-वन, त्यांच्या जागा जनुकाच्या आत कुठेही नकोत. हिस्टिडिनची शेपटी सुरुवातीला लावू नका. सिग्नल कापला जातो तेव्हा तीही जाते, किंवा सिग्नलचं कामच बिघडवते.

वाहक, म्हणजे जनुक ज्यात बसवायचं ते मूळ प्लास्मिड, म्हणून पीव्हॅक्स-१ घ्या. तो साधारण ३ किलोबेसचा आहे, सीएमव्ही प्रवर्तक (जनुक चालू करणारा क्रम) आणि कॅनामायसिनचा प्रतिकार असलेला. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचा विचार करून अँपिसिलिनचा प्रतिकार लशीच्या प्लास्मिडात घालत नाहीत. जोडणीसाठी ५० नॅनोग्रॅम वाहक घेतला तर तिप्पट रेणू हवेत म्हणून तुकडा सुमारे १०५ नॅनोग्रॅम लागेल. नुसता कापलेला वाहक जोडणी मिश्रणात घालून त्याची एक वेगळी प्लेट ठेवाच. त्यावरही तितक्याच वसाहती आल्या तर वाहक नीट कापलेला नाही.

इथे फ्लॅविविषाणूंची (डेंग्यूच्या कुळातल्या विषाणूंची) जुनी खोड आडवी येते. डेंग्यूच्या जनुकात असे काही क्रम आहेत की ई. कोलायला ते स्वतःचेच प्रवर्तक वाटतात. मग जिवाणू थोडंथोडं विषाणू-प्रथिन बनवू लागतो, ते त्याला बाधतं, आणि ज्याने तुकड्यात गडबड करून घेतली तोच जोमाने वाढतो. त्यामुळे प्लेटवर सर्वांत मोठ्या, टपोऱ्या वसाहती दिसल्या की हात तिकडेच जातो, आणि नेमक्या त्याच बऱ्याचदा बिघडलेल्या असतात. लहान वसाहतीही उचला. प्लेट आणि द्रवसंवर्धन ३० अंशांवर ठेवा, अस्थिर तुकड्यांसाठीचा स्टेबल-३ सारखा वाण वापरा, संवर्धन रात्रभरापेक्षा जास्त ताणू नका. कोडॉन बदलल्याने यातले बरेच क्रम मोडतात, पण सगळे मोडतीलच असं नाही. एन्झाइमाने कापून जेलवर योग्य पट्टा आला म्हणजे झालं, असं समजू नका. एका अक्षराची घटही तीन-तीन अक्षरं वाचायची पूर्ण चौकट सरकवते आणि जेलवर ती दिसत नाही. संपूर्ण २.१ किलोबेस दोन्ही बाजूंनी वाचून घ्या, आणि मोठं संवर्धन केल्यावर पुन्हा एकदा वाचा.

शुद्धीकरणात एंडोटॉक्सिनमुक्त किट घ्या, पैसे वाचवू नका. ई. कोलायच्या भिंतीतलं हे विष पेशींना मारतं, आणि उंदरात इतका दाह उठवतं की रिकाम्या प्लास्मिडनेही ‘प्रतिसाद’ दिसू लागतो. २६०/२८० चं (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणाचं) गुणोत्तर १.८ ते १.९ हवं, पण त्यावरून एंडोटॉक्सिन कळत नाही. त्याची एलएएल चाचणी वेगळी करावी लागते. जेलवर बहुतेक डीएनए पीळदार, म्हणजे सर्वांत पुढे धावणाऱ्या पट्ट्यात हवं. मागचा पट्टा गडद झाला तर वर्तुळ तुटलेलं आहे: व्होर्टेक्स केलं असेल, पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलं असेल किंवा अल्कलीत जास्त वेळ राहिलं असेल. छोटे भाग करून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते. प्लास्मिड त्यात टिकतं, सक्षम जिवाणू आणि एन्झाइमं टिकत नाहीत. तेव्हा फ्रीझरमधला बर्फाचा खण त्यांच्यासाठी राखा, प्लास्मिडसाठी नको.

आता मुख्य परीक्षा. एचईके-२९३टी या मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी सहा खणांच्या प्लेटमध्ये ७० ते ८० टक्के भरल्या की प्रत्येक खणात २.५ मायक्रोग्रॅम प्लास्मिड आणि ७.५ मायक्रोग्रॅम पीईआय (डीएनए पेशीत नेणारं रसायन), सीरम नसलेल्या माध्यमात पंधरा-वीस मिनिटं मिसळून, थेंब थेंब घाला. एका खणात हिरव्या प्रथिनाचं प्लास्मिड, एकात रिकामं पीव्हॅक्स, एकात काहीच नाही. दुसऱ्या दिवशी हिरवा खण पाहा. निम्म्याहून कमी पेशी चमकत असतील तर पुढे जाऊ नका, आधी पीईआय आणि पेशींचं वय तपासा. सहा तासांनी माध्यम बदलून प्लेट ३७ ऐवजी २८ ते ३० अंशांवर ठेवली तर डेंग्यूचे कण बाहेर पडायचं प्रमाण साधारणपणे वाढतं. ७२ तासांनी वरचा द्राव आणि पेशी वेगवेगळे घ्या. द्रावातले कण १० टक्के पीईजी-८००० घालून ४ अंशांवर रात्रभर बसवा, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली आणा.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर वेगळं केलेलं प्रथिन प्रतिपिंडाने ओळखायच्या चाचणीसाठी) ४जी२ हे प्रतिपिंड सर्रास वापरतात, आणि याच ठिकाणी कित्येक चांगली प्लास्मिडं वाया गेली असं समजून फेकली जातात. ४जी२ ई-प्रथिनाच्या टोकाच्या फ्यूजन लूपला (विषाणू पेशीच्या पडद्यात मिसळतो त्या भागाला) ओळखतं, पण तो लूप गंधकाच्या पुलांनी धरलेल्या आकारात असेल तरच. नेहमीच्या सवयीने नमुन्यात बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी घालून उकळलं की पूल तुटतात आणि पट्टा दिसत नाही. नमुना त्यांच्याविना तयार करा, उकळू नका. पट्टा ५५ ते ६० किलोडाल्टनच्या आसपास येईल. कुणी घातक प्रतिपिंडं टाळण्यासाठी फ्यूजन लूप बदललेली रचना वापरली, तर तिथे ४जी२ चिकटणारच नाही. तेव्हा वेगळं प्रतिपिंड लागेल.

निकाल वाचायचा असा. पेशीत पट्टा, द्रावातही पट्टा: पुढे चला. पेशीत आहे, द्रावात नाही: सिग्नल किंवा शेपूट अडलंय, रचना बदला. दोन्हीकडे नाही, पण हिरवा खण चमकतोय: चौकट, कोझाक किंवा प्रतिपिंड. प्रीएम न कापलेलं जास्त दिसलं तर तेही लिहून ठेवा. डेंग्यूत फ्युरिनची (प्रीएम कापणाऱ्या पेशीतल्या एन्झाइमाची) कापायची जागा मुळातच कमजोर असते, आणि अर्धवट कापलेल्या कणांमुळे प्रीएमविरुद्धची प्रतिपिंडं वाढतात. ती विषाणूला थोपवण्यात दुबळी आणि वाट मोकळी करून देण्यात पुढे असतात.

सहा महिन्यांचा प्रकल्प इथवर आला तर तो पक्का आहे. प्राण्यांचं काम पुढच्या टप्प्याचं, म्हणून ते थोडक्यात. एका गटात ८ उंदीर, ५० मायक्रोग्रॅमचे तीन डोस, ०, २१ आणि ४२ व्या दिवशी, म्हणजे एका गटाला १.२ मिलिग्रॅम शुद्ध प्लास्मिड लागतं, सांडलवंड धरून १.५. एका मॅक्सीप्रेपमधून (मोठ्या शुद्धीकरण किटमधून) अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, तेव्हा तीन लागतील. रिकाम्या प्लास्मिडचा गट नसेल तर बाकीचे आकडे निरर्थक आहेत. रक्त शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी. एलायझाचा मोठा टायटर (प्रतिपिंडांची पातळी) पाहून हुरळून जाऊ नका. निष्प्रभीकरणाची चाचणीच महत्त्वाची. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवून मग व्हेरो पेशींवर करतात. त्याच सीरमची के-५६२ पेशींवर १:१० पासून १:१०,००० पर्यंत विरलीकरणात संसर्ग वाढवण्याची चाचणीही करा, कारण बळावण्याचा धोका पातळ सीरममध्येच दिसतो. जिवंत विषाणू हाताळायची सोय नसेल तर एकदाच शिरून थांबणारे, चमकणारे रिपोर्टर कण वापरणाऱ्या प्रयोगशाळेशी बोला.

आव्हान द्यायला, म्हणजे लशीनंतर मुद्दाम जिवंत विषाणू टोचून पाहायला, साध्या उंदरांचा उपयोग नाही. विषाणूचं एनएस-५ हे प्रथिन माणसाचं स्टॅट-२ (इंटरफेरॉन या विषाणूरोधक संदेशाचा निरोप पेशीत पोचवणारं प्रथिन) पाडतं, उंदराचं नाही. त्यामुळे उंदराचं इंटरफेरॉन विषाणूला लगेच दाबतं. म्हणून इंटरफेरॉनचे ग्राहक नसलेले एजी-१२९ उंदीर वापरतात. पण डीएनए लशीला स्वतःला जी चेतावणी मिळते ती बरीचशी इंटरफेरॉनच्याच वाटेने. तेव्हा त्या उंदरात लस फिकी पडली तर तो लशीचा दोष असेलच असं नाही.

आता बेळगावपुरतं. शहरात २००८ पासून दहा वॉर्डांना चोवीस तास पाणी मिळू लागलं. ज्या भागांत पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं तिथे घरोघरी पिंपं, हौद भरून ठेवलेले असतात, आणि झाकण सैल असेल तर आठ-दहा दिवसांत त्यातूनच एडीस डास उडतात. म्हणजे इथल्या अनेक मोठ्या माणसांना नकळत एकदा तरी डेंग्यू होऊन गेलेला असू शकतो. त्याचा थेट परिणाम तुमच्या टेबलावर होतो: वर्गमित्राचं किंवा शिपायाकाकांचं सीरम ‘निगेटिव्ह कंट्रोल’ म्हणून वापरू नका. तसंही नैतिक समितीच्या परवानगीविना माणसाचं रक्त घेता येत नाही. खानापूरकडच्या नमुन्यांत आणखी एक गुंता आहे. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या जंगलात सापडलेला माकडतापाचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्गापर्यंत पोचला, आणि खानापूरच्या हद्दीला लागून असलेलं गोव्याचं जंगल त्याच पट्ट्यातलं आहे. ई-प्रथिनावरच्या साध्या एलायझात अशा कुळभावंडांची प्रतिपिंडंही थोडीफार चिकटतात, जपानी मेंदूज्वराची लस घेतलेल्यांचीही. म्हणून निगेटिव्ह सीरम विकतचं, प्रमाणित घ्या.

परवानगीचं पहिल्याच आठवड्यात पाहा. जनुक बदललेले सूक्ष्मजीव हाताळायला १९८९ च्या नियमांखाली संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. तुमच्या कॉलेजात ती नसेल तर पेशींची सोय देणाऱ्या संस्थेच्या समितीकडे मार्गदर्शकांच्या सहीने प्रस्ताव द्या. त्यात जनुक कुठल्या प्रकाराचं, किती लांबीचं, वाहक कोणता, पूर्ण विषाणू कुठेही तयार होत नाही आणि टाकाऊ संवर्धन १२१ अंशांवर कसं निर्जंतुक करणार, हे सगळं लिहा. समितीच्या बैठका दर महिन्याला होतीलच असं नाही आणि जनुक मागवल्यापासून यायलाही काही आठवडे जातात, म्हणून दोन्ही कागद एकाच दिवशी पुढे सरकवा.